तोंड ज्याचं, मुंग्या त्याच्या

दोन्या हर्मेन्सिया रुएदा यांनी कुठल्या जनावराला उगाच मारलं नाही, पण चार शब्द सुनावल्याशिवाय सोडलंही नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात फारा शिरला, म्हणजे ते मांजराएवढं, उंदराच्या शेपटीचं, पोटाच्या पिशवीत पिल्लं घेऊन हिंडणारं जनावर, की त्या त्याला शेपटीला धरून पोत्यात घालायच्या आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडायच्या. पोत्याचं तोंड सोडताना म्हणायच्या, "लेकुरवाळ्या आहात म्हणून जाऊ देतेय. पोरांना चोऱ्या शिकवताना लाज वाटत नाही?" कौलांखालच्या वटवाघळांना त्या सुक्या मिरचीचा धूर द्यायच्या आणि धुराआडून ओरडायच्या, "चला, चर्चमध्ये जा, तिथे जागा मोठी आहे." विंचवाला मात्र चप्पलच. कोठीतल्या उंदरांमागे येणारा लांबलचक पिवळा साप त्यांना चालायचा. तो भाडं देत नाही पण काम करतो, असं त्यांचं मत होतं. आमच्या भागात बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात आणि कुत्र्यालाही 'तुम्ही', त्यामुळे त्यांच्या शिव्यासुद्धा अदबशीर असत.

पण ही सगळी बेवारशी जनावरं. त्यांच्यावर माणूस रागावतो, दमतो आणि शेवटी राग आपोआप विझतो. मुंग्यांचं तसं नव्हतं. मुंग्यांना मालक होता.

आमचं घर त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला. मधे फक्त पेरूची दोन झाडं आणि गुरांची वाट. गावाची फरसबंदी आमच्या वळणावर संपते आणि सांतान्देर प्रांताची लाल माती सुरू होते. ना धड गाव, ना धड शेत. दोन्या हर्मेन्सियांचा सगळा संसार त्यांच्या स्वयंपाकघरात होता. नवरा तरुणपणीच व्हेनेझुएलाला कामाला म्हणून गेला तो गेलाच. मुलगी योलिमा बुकारामांगाला, दवाखान्यात नोकरीला. इकडे राखेच्या पाण्यात उकळून सोललेला मका, त्यात कुटलेली डुकराची चरचरीत साल, आणि त्या पिवळ्या पिठाच्या मातीच्या तव्यावर भाजलेल्या जाड आरेपा. रविवारी चर्चमधून निघालेली माणसं फरसबंदी सोडून, बुटांना माती लावून घेत त्यांच्या दारी यायची. चूल उत्तरेच्या भिंतीला लागून होती. ती भिंत त्यांच्या वडिलांनी घातलेली. फळ्यांच्या साच्यात ओली माती टाकायची, मुसळाने चोपायची, वर पुन्हा माती, पुन्हा चोप. वडील चोपताना गायचे आणि आपण लहानपणी साच्यात उभं राहून पायांनी माती तुडवायचो, असं त्या सांगत. भिंतीच्या खालच्या थरात एका पायाचा ठसा होता खरा. त्यांचा की कोंबडीमागे धावणाऱ्या दुसऱ्या कुणाचा, हे कोण सांगणार?

त्या भिंतीपलीकडे रचलेल्या दगडांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे सातुर्निनो आर्दिला यांचं खडकाळ रान. सातुर्निनो एकटे राहत. तंबाखू लावत, बोकड पाळत, आणि त्या रानात त्यांचं वारूळ होतं.

पानं कापणाऱ्या मुंग्यांचं वारूळ म्हणजे वर नुसते लाल मातीचे ढीग आणि तोंडं. बाकी सगळं जमिनीखाली. वर्षभर त्या मुंग्या बागा ओरबाडतात. सकाळी उठून पाहावं तर संत्र्याचं झाड नागडं, आणि जमिनीवरून प्रत्येकीच्या डोक्यावर अब्दागिरीसारखं धरलेलं पान घेऊन रांग चाललेली. ती थेट गडग्याच्या फटीतून सातुर्निनोंच्या रानात. पण एप्रिलमध्ये पाऊस सुरू होऊन कडक ऊन पडलं की त्याच वारुळातून राण्या बाहेर पडतात, पंखांच्या, शेंगदाण्याएवढ्या टपोऱ्या बुडाच्या. त्या आम्ही पकडतो, पाय-पंख खुडतो, मिठाच्या पाण्यात टाकतो आणि तव्यावर भाजतो. मांसापेक्षा महाग विकल्या जातात. त्यांना जे नाव आहे ते बुडावरूनच पडलेलं आहे, आणि आमच्याकडचे पाद्रीसुद्धा ते खातखात उच्चारतात.

आता वारूळ कुणाचं? ज्याच्या जमिनीत तोंडं उघडतात त्याचं. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण या नियमावरून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलायचे थांबले आहेत. तोंड ज्याचं, मुंग्या त्याच्या. त्या कुणाची बाग खातात हा प्रश्न नियमात येतच नाही.

सातुर्निनो योलिमाचे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यांनी तिला धरलं होतं. तेव्हापासून दोन्या हर्मेन्सिया त्यांना 'कोंपाद्रे' म्हणायच्या आणि ते त्यांना 'कोमाद्रे'. हे नातं सख्ख्यापेक्षा घट्ट. त्यात भांडता येतं, तोडता येत नाही. म्हणून भांडण रोज व्हायचं. आम्हाला ते आमच्या अंगणातून ऐकू यायचं.

"कोंपाद्रे, तुमच्या पोरी माझं संत्रं खाऊन गेल्या."

"पोरी आहेत, खाणारच. उपाशी ठेवू?"

"तुमच्या घरचं घाला की!"

"माझ्या घरी काय आहे, कोमाद्रे? दगड आणि मी."

"मग तुम्हाला घाला. पण कडू लागाल."

सातुर्निनो हसायचे. हसले की त्यांच्या टोपीखालचं सगळं तोंड गोळा व्हायचं. एप्रिलमध्ये मात्र ते न चुकता भाजलेल्या मुंग्यांचं एक गाडगं गडग्यावर ठेवून जात. दोन्या हर्मेन्सिया ते उचलत, आणि न खाता आमच्याकडे पाठवून देत. "माझंच संत्रं आहे ते," असा निरोप असे. "खाऊन घ्या."

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी चुलीमागच्या भिंतीला चीर गेली.

आधी केसाएवढी होती. दोन्या हर्मेन्सियांनी तिच्यावर मक्याच्या खळीने वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली. जुन्या घरांत असंच करतात. पट्टी शाबूत राहिली तर भिंत स्वस्थ आहे, फाटली तर भिंत चालू लागली आहे. पट्टी फाटली. दुसरी लावली, तीही फाटली. मग त्यांनी गडग्यावरून सातुर्निनोंना हाक मारली आणि चुलीपाशी आणून उभं केलं. मी तेव्हा आरेपा न्यायला आले होते. पीठ तव्यावर, आणि हे दोघं भिंतीकडे तोंड करून, एखाद्या आजाऱ्यापुढे उभं राहावं तसे.

"वाजवून बघा," त्या म्हणाल्या.

सातुर्निनोंनी बोटांची पेरं भिंतीच्या पायथ्याशी, मग जमिनीवर आपटली. जमीन बद्द वाजली. रिकाम्या पिंपासारखी.

"जुनी भिंत आहे," ते म्हणाले.

"जुनी तुमची हाडं आहेत. भिंत पोकळ झाली आहे. तोंडं तुमच्याकडे आणि पोट माझ्या चुलीखाली! मारून टाका ते वारूळ, कोंपाद्रे."

"एप्रिल होऊ दे. मुंग्या उडू देत. मग बघू."

"मग बघू, मग बघू म्हणता म्हणता तुमचं लग्न राहून गेलं. भिंत तेवढी थांबायची नाही."

सातुर्निनोंनी टोपी काढली, परत घातली. एक गरम आरेपा उचलली आणि गेले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. माणूस आपल्या हातची वस्तू सोडत नाही, एवढंच वाटलं. खरा राग मला नंतर आला, आणि आधी वेगळ्याच लोकांचा.

दोन्या हर्मेन्सिया चांगला झगा घालून नगरपालिकेत गेल्या. आठवड्याभराने एक तरुण अधिकारी आला. बुटांवर मातीचा ठिपका नाही. त्याने आधी सातुर्निनोंच्या रानात जाऊन वारुळाचे फोटो काढले, मोठ्या कौतुकाने. मग इकडे आला.

"ही मुंगी आपल्या गावाची शान आहे, सेन्योरा," तो म्हणाला. "लोक लांबून बघायला येतात. आपण चौकात तिचा पुतळा उभारलाय, पाहिलात ना?"

"पाहिला. चांगले चार खांब दिलेत तिला. माझ्या भिंतीला एक टेकू द्या."

"भिंतीचं काम माझ्याकडे येत नाही. जुन्या घरांचा विभाग वेगळा."

जुन्या घरांच्या विभागाने सांगितलं की फरसबंदी जिथे संपते तिथे गाव संपतं. तुमचं घर शेतीत येतं. शेतीवाल्यांनी सांगितलं की पीक काय आहे? चूल हे पीक नव्हे. दोन्या हर्मेन्सिया परत आल्या तेव्हा आमच्या पायरीवर बसल्या, आईने त्यांना गुळाचं गरम पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "सिमेंटच्या मुंगीला पत्ता आहे. मला नाही." मग पेला रिकामा करून, "पाणी गोड आहे म्हणून बसले. नाहीतर आज कुणाच्या दारी बसायची माझी लायकी नाही, मी कुठेच राहत नाही ना!"

मी हसले, पण तो चौक मला पुढे कितीतरी दिवस ओलांडवेना. त्या पुतळ्याच्या बुडावर बसवून आयाबाया पोरांचे फोटो काढायच्या. सगळा गाव त्या मुंगीच्या नावावर जगतो, टोप्या विकतो, चाव्यांच्या साखळ्या विकतो. आणि ती खरी मुंगी जिचं घर खाते, तिला विचारायला कुणी नाही.

मग पंप घेऊन एक विक्रेता आला. बातमी अशा लोकांना वासाने कळते. पाठीवर डबा, हातात नळी.

"एक सकाळ द्या, बाई. तोंडात पावडर फुंकली की आतल्या आत खलास. शेजाऱ्याला कळणारही नाही. गडग्याच्या फटीतून नळी घालतो."

 दोन्या हर्मेन्सियांनी भिंतीकडे पाहिलं. पट्टी पुन्हा फाटलेली होती.

"एप्रिलमध्ये त्यातल्या ज्या वाचतील त्या कोण खाणार?"

"आता ते विकणाऱ्याने बघायचं."

"म्हणजे पोरं खाणार."

"थोडीशीच पावडर असते हो."

"थोडीशी तुमच्या कॉफीत घाला आणि माझ्यासमोर प्या," त्या म्हणाल्या. "प्या ना. साखर देऊ?"

तो नळी गुंडाळून गेला. त्याच्या पाठीवर त्या ओरडल्या, "माझी भिंत पडली तर माझ्या डोक्यावर पडेल. दुसऱ्याच्या ताटात नाही!"

उतारावरच्या बायकांनी त्यांना नंतर खुळ्यात काढलं. एवढा सोपा उपाय हाती आला होता, शेजारी तरी कुठे यांची पर्वा करतो, असं म्हणाल्या. त्या बायकांच्या पोरांसाठीच त्यांनी तो उपाय सोडला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं आणि गिळलं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या आदल्या शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी ऊन असं पडलं की माती धुपासारखी वाफाळली. अशा सकाळी आमचा सगळा उतार घराबाहेर असतो. सातुर्निनो पहाटेपासूनच गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, बादली घेऊन वारुळापाशी उभे होते. मुंग्यांतल्या शिपायांचा चावा कातडं कापतो, म्हणून बूट. ते उभेच राहिले. त्यांच्या रानातल्या तोंडांतून दोन-चार कामकरी मुंग्या डोकावल्या आणि परत गेल्या.

किंकाळी दोन्या हर्मेन्सियांच्या घरातून आली.

मी धावत वर गेले तेव्हा त्या हातात उलथनं घेऊन बाकावर उभ्या होत्या. चुलीच्या बुडाशी मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून आधी मोठ्या डोक्यांचे शिपाई, मग राण्या बाहेर पडत होत्या. ओल्या पंखांच्या, चकाकणाऱ्या, एकमेकींवर चढणाऱ्या. परातीतल्या पिवळ्या पिठावर त्या चालत होत्या. "उतरा! पिठावरून उतरा!" असं दोन्या हर्मेन्सिया ओरडत होत्या, जणू पाहुण्यांची मुलं बिछान्यावर नाचत असावीत.

गडग्यावरून सातुर्निनो आले. त्यांच्यामागे वाटेवरची माणसं, गाडगी, पातेली, दुधाचे कॅन घेऊन. दोन्या हर्मेन्सिया बाकावरून उतरल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. हे कुणाचं घर?"

"कोमाद्रे, वेळ जातोय. उडून जातील!"

"कुणाचं घर?"

"तुमचं. पण वारूळ माझं, सगळ्यांना माहीत आहे."

"तोंड कुठे उघडलंय, कोंपाद्रे?"

सातुर्निनोंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं.  नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि सगळ्यांची पातेली रिकामी होती.

"तोंड ज्याचं...?" दोन्या हर्मेन्सिया म्हणाल्या. "पुढे म्हणा. इतकी वर्षं माझं संत्रं गेलं, गुलाब गेले, कसाव्याचा पाला गेला, दर वेळी हेच ऐकवलंत. आज म्हणा."

"मुंग्या त्याच्या," सातुर्निनो टोपीकडे बघत म्हणाले.

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मुंग्या त्याच्या! झालं समाधान?"

"मुंग्या माझ्या, तर वारूळ माझं. आणि माझं वारूळ मी खणणार. खालच्या मूळ राणीपर्यंत. चुलीपासून तुमच्या गडग्याखालून, तुमच्या रानात जिथवर जाईल तिथवर. आहे कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मागून एकजण म्हणाला, "आणि आजच्या मुंग्यांचं काय करणार, दोन्या?"

इथे त्यांनी चूक केली. विजय झाला की माणूस उदार होतो. त्या दारातून बाजूला झाल्या. "घ्या. सगळ्यांनी घ्या. मला नकोत."

माणसं आत शिरली. त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात गुडघे, कोपरं, बादल्या. राणीला पंखांनी उचलायचं, झटकन कॅनमध्ये टाकायचं, पुढची. कुणी ओरडत होतं, कुणी हसत होतं, कुणाला शिपायाने चावलं होतं. आणि सातुर्निनो भोकापाशी वाकले. आमच्याकडे वारूळ धरणारा माणूस तोंड रुंद करतोच. पहारीने कडा पाडायच्या, म्हणजे राण्या भराभर बाहेर येतात. त्यांनी आयुष्यभर दर एप्रिलला हेच केलं होतं. कुणाची तरी पहार त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती भोकात घातली. विचार करून नाही. हातांना सवय होती.

"नका!" दोन्या हर्मेन्सिया ओरडल्या.

एक कड ढासळली. मग दुसरी. भिंतीतून एक लांब, कोरडा आवाज आला, आणि कागदाची नवी पट्टी माझ्या डोळ्यांदेखत फाटली. "बाहेर!" कोण म्हणालं माहीत नाही. आम्ही सगळे एकमेकांना ढकलत अंगणात आलो. भिंत कोसळली नाही, बसली. म्हातारं माणूस कुणाच्या आधाराशिवाय खाली बसतं तशी, आधी गुडघे, मग कंबर, आणि शेवटी पाठ बाहेरच्या बाजूला टाकून गडग्यावर आडवी झाली. कौलं एकामागून एक घरंगळली. लाल धूळ उठली आणि त्या धुळीतून राण्या उडाल्या. शेकडो. पंखांवर ऊन घेऊन, सरळ वर. त्याहून सुंदर काही मी त्या वर्षात पाहिलं नाही, आणि ते सुंदर होतं याचीच मला चीड आली.

कुणाला लागलं नव्हतं. आम्ही उभे होतो, हातात आपापली पातेली. मग एक बाई पुढे झाली, वाकली आणि ढिगाऱ्यावरून एक राणी उचलून आपल्या कॅनमध्ये टाकली. तिच्यामागे दुसरी.

"उचला," दोन्या हर्मेन्सिया म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "उचला, लाजू नका. माझ्या बापाची भिंत आहे, पायाखाली मऊ लागेल."

माणसं थांबली. एकेक करून वाटेला लागली. कुणी पातेलं पदराआड धरलं, कुणी टोपीखाली. त्यांतल्या कुणालाही दोन दगड उचलून बाजूला ठेवावेत असं वाटलं नाही. मी आजही बाजारात त्यांना भेटते, हसून बोलते. पण प्रत्येकाच्या हातात काय होतं ते मला आठवतं.

सातुर्निनो राहिले. पहार अजून हातात.

"कोमाद्रे," ते म्हणाले.

"सातुर्निनो आर्दिला," त्या म्हणाल्या, आणि मी दचकले, कारण त्यांच्या तोंडून हे नाव असं उघडं मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमची कुदळ कुठे आहे?"

सोमवारी ते कुदळ घेऊन आले. बरोबर आमचा बाबा आणि खालचे दोघे. सातुर्निनो म्हणाले, "या आठवड्यात जमिनीला लोखंड लावत नाहीत. गुरुवार-शुक्रवारी तर पापच."

"मग बुधवारपर्यंत राणी काढा," अंगणात मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीपाशी, उघड्या आकाशाखाली आरेपा थापत दोन्या हर्मेन्सिया म्हणाल्या. "देवाशी मी बोलते. चर्चमध्ये चढवलेलं माझं संत्रं त्यांनाही आवडायचं."

खणलं तसं जमिनीखालचं घर उघडं झालं. हात जाईल एवढे बोळ, आणि बोळांच्या शेवटी खोल्या. नारळाएवढ्या, भोपळ्याएवढ्या. प्रत्येकीत करड्या बुरशीचा गोळा, ओल्या स्पंजासारखा. चावून चावून लगदा केलेल्या पानांवर मुंग्या ही बुरशी वाढवतात आणि तीच खातात. कुबट, गोडसर वास सगळ्या उतारावर पसरला. दोन्या हर्मेन्सियांनी एक गोळा फोडला. आत हिरव्या कडांचे बारीक तुकडे अजून ओळखू येत होते.

"हे बघा," त्या मला म्हणाल्या. "संत्रं."

मंगळवारी दुपारी बाबाने खड्ड्याच्या काठावर बसून ते मोठ्याने म्हटलं, जे सगळ्यांना दिसत होतं. खोल्या सगळ्या या बाजूला होत्या. चुलीखाली, बाकाखाली, कोठीच्या दारापर्यंत. गडग्याखालून फक्त एक लांब बोळ सातुर्निनोंच्या रानात जात होता, आणि तिथे नुसती तोंडं. त्यांच्या खडकात मुंग्यांना एक खोलीसुद्धा खणता आली नव्हती.

दोन्या हर्मेन्सिया हात पुसत आल्या. खड्ड्यात उतरलेल्या सातुर्निनोंकडे वरून पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं."

ते कुदळीच्या दांड्यावर वाकले. "आवाजावरून... अंदाज होता."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. तुमच्याकडे आरेपा खायला बसलो होतो. पाय आपटला, तर खालून पोकळ."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"एप्रिल जवळ आला होता, कोमाद्रे."

"एप्रिल दर वर्षी जवळ येतो!" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून झोपले आहे. थंडीत चुलीपाशीच अंथरते, तुम्हाला माहीत आहे. माझी आरेपा खात होतात, आणि पायाखाली पोकळ लागलं, आणि दुसरी मागितलीत!"

सातुर्निनोंनी मान खाली घातली. बाबा उठून उगाच घमेलं झटकू लागला. चुलीतलं लाकूड तडतडलं, आरेपा करपल्याचा वास आला, आणि पहिल्यांदाच त्यांनी एक आरेपा करपू दिली.

राणी बुधवारी संध्याकाळी सापडली, सगळ्यात खालच्या खोलीत. उडून गेलेल्यांची आई. पंख नसलेली, अंगठ्याएवढी, जडशीळ, कामकऱ्यांनी झाकून टाकलेली. सातुर्निनोंनी तिला तळहातावर घेतलं. शिपाई त्यांच्या मनगटाला चावत होते, रक्त येत होतं, पण त्यांनी हात झटकला नाही.

"काय करू हिचं?" त्यांनी विचारलं.

"कुणाची आहे?"

"तुमची."

"मग इकडे द्या." दोन्या हर्मेन्सियांनी तिला दोन बोटांत धरलं, क्षणभर निरखलं आणि कोंबड्यांपुढे टाकली. लाल मानेच्या कोंबडीने एका चोचीत उचलली आणि दोन पावलं धावून गिळली. इतकं सगळं, आणि एवढ्यात संपलं. 

मग त्या सातुर्निनोंकडे वळल्या. "माती ही इथेच आहे. फळ्या कोठीत आहेत, मुसळ माझ्या वडिलांचं आहे. ईस्टर झाला की सुरू करा."

"मला भिंत चोपता येत नाही, कोमाद्रे."

"मुंग्यांना खणायला कुणी शिकवलं होतं? शिकल्या."

नगरपालिकेचा तरुण मे महिन्यात पुन्हा आला. गावाच्या माहितीपत्रकासाठी त्याला राणीच्या खोल्यांचे फोटो हवे होते. खड्डा बुजवून झाला होता. त्याने हळहळ व्यक्त केली. दोन्या हर्मेन्सियांनी त्याला आरेपा विकली, त्याच्या हातात खुर्ची दिली आणि ती नेमकी कुठे ठेवायची तेही दाखवलं. ऊन थेट तोंडावर येईल, जिथे भिंतीची सावली असायला हवी होती, तिथे.

भिंत अजून कमरेएवढीच झाली आहे. सातुर्निनो सकाळी बोकडांना सोडून येतात, साच्यात माती टाकतात, चोपतात. पहिला थर वाकडा गेला तर दोन्या हर्मेन्सियांनी तो पाडायला लावला. रविवारी गिऱ्हाइकं येतात, उघड्या स्वयंपाकघरात बसतात आणि कुणी ना कुणी विचारतंच: इथली भिंत काय झाली?

"त्यांना विचारा," त्या उलथन्याने दाखवतात.

आणि सातुर्निनो मुसळ टेकवून सांगतात. वारूळ, पाऊस, चुलीखालचं भोक, पहार, सगळं नीट सांगतात. मधला एक भाग मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. तिथे ते घाम पुसतात आणि एकदम राणीवर येतात. दोन्या हर्मेन्सिया तेवढी वाट पाहतात, तव्यावरची आरेपा उलटतात, आणि मागे न वळता म्हणतात:

"दोन वर्षं. यांना दोन वर्षं माहीत होतं."